पाळ्या लावताना आधी धोक्याची कामे, मग माणसे

पाळ्यांचे वेळापत्रक बहुधा एकूण कामगारांना तिन्ही पाळ्यांत विभागून तयार होते आणि जोखमीची कामे उरलेल्या जागी बसवली जातात. हा क्रम उलटा असावा. बंदिस्त टाकीत उतरणे, उंचीवरचे काम, मोठ्या यंत्राची दुरुस्ती अशा कामांची आधी यादी करावी आणि ती शक्यतो सकाळच्या पाळीत घ्यावीत. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही खालावतात व अनुभवी कामगारही त्याला अपवाद नसतो. म्हणून त्या वेळेसाठी चूक झाली तरी निस्तरता येतील अशी कामे ठेवावीत. नुसत्या देखरेखीचे काम मात्र त्या वेळी एकट्याकडे देऊ नये, कारण निवांत बसलेल्या माणसाला झोप लवकर गाठते.

पाळी फिरवायची असल्यास सकाळ, दुपार, रात्र असा क्रम ठेवावा. बहुतेकांचे जैविक घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असल्याने झोप पुढे ढकलणे अलीकडे ओढण्यापेक्षा सोपे जाते. दोन पाळ्यांत किमान ११ तासांची विश्रांती असावी; युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशातही दैनिक विश्रांतीची हीच मर्यादा आहे.

गैरहजेरीमुळे अडलेले काम डबल ड्यूटीवर भागवण्याचा मोह टाळावा. सलग सुमारे १७ तास जागे असलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असल्यासारख्या मंदावतात, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. अशा तासांत वाढलेले उत्पादन पुढे दुरुस्तीत आणि रद्दी मालात जाते, म्हणून एक-दोन बदली कामगार आधीच तयार ठेवणे स्वस्त पडते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पाळी बदलताना. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर दुरुस्तीसाठी सुरक्षा झडप काढलेला पंप रात्रपाळीने सुरू केला. झडप काढल्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि त्या दुर्घटनेत १६७ जण दगावले. यासाठी दोन पाळ्या १५ मिनिटे एकमेकींवर याव्यात, त्या वेळेचे वेतन द्यावे आणि अर्धवट कामांची नोंद वहीत करून ती यंत्रापाशी उभे राहून समजावून द्यावी. थोडक्यात टळलेल्या अपघातांपुढे पाळीचा कितवा तास होता तेही लिहावे; पुढच्या महिन्याचे वेळापत्रक आखताना ही वही उत्पादनाच्या तक्त्याशेजारी उघडी असावी.