सॉफ्ट हॅकल फ्लायसाठी कोंबडीचे पीस निवडताना या चुका टाळा

फ्लाय म्हणजे मासे पकडण्यासाठी गळावर दोरा-पिसे बांधून केलेले किड्यासारखे आमिष आणि सॉफ्ट हॅकल हा तिचा मऊ पिसाचा प्रकार. त्याला गळ, दोऱ्याचे बारीक अंग आणि गळाच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या भोकामागे) पिसाचे एक-दोन वेढे एवढेच लागते. साहित्य इतके मोजके असल्यामुळे पीस चुकले की अख्खी फ्लाय चुकते. ठाणे-नवी मुंबईत राहून हिमाचलच्या तीर्थनमधील ट्राउटसाठी किंवा इकडच्या तलावांतील चिलापीसाठी फ्लाय बांधणाऱ्यांकडे पिसांची वानवा नसते, कारण कोंबडी गल्लोगल्ली विकली जाते. चुकते ते निवडताना, कारण पीस कोरडे असताना पसंत केले जाते आणि काम मात्र त्याला ओले होऊन करायचे असते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे कोंबड्याचे पीस कोंबडीचे समजून घेणे. कोंबड्याच्या मानेचे पीस अरुंद, टोकदार आणि चकचकीत असते व त्याचे तंतू ताठ असतात. ते पाणी फारसे धरत नाहीत, म्हणूनच पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायसाठी त्याला मान आहे. कोंबडीचे पीस रुंद, टोकाला गोलसर आणि मंद रंगाचे असते. त्याच्या प्रत्येक तंतूवर बारीक उपतंतू दाट असतात आणि तेच पाणी धरून ठेवतात, त्यामुळे फ्लाय बुडते आणि प्रवाहात तिचे तंतू हलत राहतात. चकाकीला भुलून घेतलेल्या पिसाची फ्लाय डबीत देखणी दिसते, पण पाण्यात ती ताठ उभी राहते.

शंका असेल तर पीस नळाखाली पूर्ण भिजवावे, त्याचा देठ चिमटीत धरावा आणि काचेच्या ग्लासातील पाण्यात ते हळूहळू ओढून पाहावे. ओढताना तंतू मागे मिटत असतील आणि हात थांबताच पुन्हा उघडत असतील, तर ते पीस नि:शंक ठेवावे. तंतू मिटतच नसतील तर ते कोंबड्याचे किंवा फार ताठ पीस आहे. मिटल्यावर एकमेकांना चिकटून पुन्हा सुटत नसतील, तर पिसाचा बुडाकडचा लवदार भाग वापरला जात आहे. हा कापसासारखा भाग बोटांनी खाली ओढून काढून टाकावा आणि वरचे सुटे, एकसारख्या लांबीचे तंतू तेवढे ठेवावेत. माझ्या मते या एका परीक्षेने निम्म्याहून अधिक चुका बांधण्याआधीच पकडता येतात, तरीही बहुतेक जण ती करत नाहीत.

चिकन सेंटरमधील ब्रॉयलरच्या पिसांवर फार भिस्त ठेवू नये. हा पक्षी साधारण पाच-सहा आठवड्यांचा असतानाच कापला जातो, त्यामुळे त्याची बरीच पिसे पुरती वाढलेली नसतात, देठ कच्चा असतो आणि वेढा देताना तुटतो. शिवाय पिसे सोलण्यासाठी पक्षी गरम पाण्यात बुडवतात, त्यात तंतू चुरगळतात. अंडी देऊन थकलेल्या लेअर कोंबड्यांची मानेची पिसे पिंजऱ्याला घासून झिजलेली असतात. त्यापेक्षा शहापूर-मुरबाडकडची मोकळी फिरणारी गावठी कोंबडी कितीतरी सरस, कारण तिच्या पिसांत तपकिरी, राखाडी आणि ठिपकेदार छटा आपसूक मिळतात. मात्र आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याची पिसे कधीही घेऊ नयेत आणि ताजी पिसे हातमोज्यांशिवाय हाताळू नयेत. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातच बर्ड फ्लू आढळला होता.

आकाराचा अंदाज नुसत्या नजरेने घेणे धोक्याचे आहे. पीस हलके वाकवावे म्हणजे तंतू देठाशी काटकोनात उभे राहतात आणि मग ते गळावर धरून मोजता येतात. गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंतच्या अंतराच्या दीडपट ते दुप्पट लांबीचे तंतू बहुतेक वेळा योग्य ठरतात, म्हणजे मागे दाबल्यावर ते गळाच्या वळणापर्यंत किंवा किंचित पुढे पोहोचतात. मानेच्या वरच्या भागातील पिसे लहान असतात आणि खाली जावे तशी ती मोठी होतात, म्हणून बारा ते सोळा क्रमांकाच्या (क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान) गळांसाठी पिसांसह मानेची अख्खी कातडी सोबत असणे सोयीचे. पाठीची पिसे रुंद असतात, त्यांतून लहान गळाला जुळणारे पीस क्वचितच सापडते.

बांधताना काही बिघडले तर दोष बहुधा पिसाकडेच निघतो. फ्लायचे डोके, म्हणजे गळाच्या डोळ्यामागचा दोऱ्याने बांधलेला भाग, जाड होत असेल तर देठ जाड आहे. अशा वेळी पीस बुडाकडून न बांधता टोकाकडून बांधावे, कारण तिथे देठ बारीक असतो. तंतू पुढे डोळ्यावर झुकत असतील तर पिसाची बाजू उलटी लागली आहे. चकचकीत, फुगीर बाजू पुढे आणि खोलगट बाजू गळाच्या वळणाकडे असावी. देठ कडक होऊन तुटत असेल तर पीस कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून घ्यावे. फ्लाय भरगच्च दिसत असेल तर पिसाच्या एका बाजूचे तंतू काढावेत किंवा एकच वेढा द्यावा.

या फ्लायच्या जुन्या इंग्रजी प्रकारांत तितर आणि पाणलावा यांची पिसे सांगितलेली असतात. ते वाचून आपल्याकडील तितर, पाणलावा किंवा रानकोंबडा यांची पिसे शोधत फिरू नये, कारण हे पक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. ठिपकेदार तपकिरी कोंबडी तितराची आणि गडद राखाडी कोंबडी पाणलाव्याची जागा चांगली भरून काढते.

पिसे रंगवायची असतील तर आधी कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब टाकून त्यांचा तेलकटपणा काढावा, नाहीतर रंग डागांसारखा बसतो. चहाचा तपकिरी आणि हळदीचा पिवळा रंग पिसावर छान चढतो, पण हळद उन्हात उडते.

जपणुकीतील चूक मात्र महाग पडते आणि ती आपल्या हवेत हमखास घडते. कातडीसह ठेवलेली मान नुसत्या मिठाने सुकवली, तर जूनमध्ये तेच मीठ हवेतील ओल ओढून घेते, कातडी चिकट होते आणि बुरशी धरते. मिठाऐवजी कातडीतील चरबी खरवडून त्यावर टाकणखार (बोरॅक्स) चोळावा आणि कातडी पंख्याखाली पुठ्ठ्यावर टाचून पूर्ण वाळवावी. नव्याने आणलेली पिसे जुन्यांत लगेच मिसळू नयेत, कारण त्यांतून आलेली कसर किंवा भुंग्याची अळी सगळा संग्रह कुरतडून टाकते. हवाबंद पिशवीत बांधून ती काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत, बाहेर काढून पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्यांसाठी पुन्हा एकदा फ्रीझरमध्ये ठेवावीत. डांबरगोळ्या वापरायच्या तर कापडी पुरचुंडीत बांधाव्यात, कारण काही पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्या त्यांच्या वाफेने मऊ होतात. पिशवीच्या तळाशी भुशासारखी बारीक पूड दिसली, तर ती पिशवी बाकीच्यांपासून तत्काळ वेगळी करून थेट फ्रीझरमध्ये टाकावी.