गोव्याच्या राजकीय बातम्या शांतपणे कशा वाचाव्यात

१७ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे निधन झाले. त्यानंतरचा दिवस अंत्यदर्शनात गेला आणि नव्या मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीची वेळ पुढे पुढे सरकत राहिली. अखेर १९ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास, राजभवनावर डॉ. प्रमोद सावंत यांनी शपथ घेतली. त्या रात्री मी मोबाइल हातात धरून जागा होतो. दर दोन मिनिटांनी पडदा खाली ओढून पाहायचा, कोणीतरी पाठवलेली नवी यादी वाचायची, ती खोटी ठरली की पुढची वाचायची, असे पाच तास गेले. सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून पाव घ्यायला बाहेर आलो, तेव्हा नऊ वाजताच झोपी गेलेल्या शेजाऱ्यांना आकाशवाणीच्या बातम्यांमधून नेमके माझ्याइतकेच कळले होते. फरक एवढाच की त्यांची झोप झाली होती. या लेखात जी पद्धत सांगितली आहे, तिची सुरुवात त्या सकाळी झाली.

गोव्यात राजकीय बातमीचा त्रास जरा अधिक होतो, याला एक साधे कारण आहे. विधानसभेच्या ४० जागा आणि २०२२ च्या निवडणुकीत एकूण साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या घरात मतदार होते. आमदार ही दूरदर्शनवर दिसणारी व्यक्ती नसते. ती जत्रेत, फेस्ताला आणि शेजारच्या लग्नात भेटते, आणि बहुतेकांच्या ओळखीचा कोणी ना कोणी तिच्या कार्यालयात कामाला असतो. त्यामुळे बातमी ही बातमी राहत नाही, ती घरातली गोष्ट होते. म्हणून बातमीपासूनचे अंतर कृत्रिमरीत्या निर्माण करावे लागते, आणि त्यासाठी पहिला उपाय वेळेचा आहे.

सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी वीस मिनिटे, एवढा वेळ राजकारणासाठी राखावा आणि बातम्यांच्या ॲपच्या सूचना सरसकट बंद कराव्यात. ज्या बातमीवर पुढच्या तीन तासांत आपल्याला काही करायचे आहे अशी राजकीय बातमी वर्षातून दोन-तीनदाच येते, आणि तशी आलीच तर कोणीतरी फोन करतोच. रात्रीच्या चर्चांचे कार्यक्रम पूर्ण सोडून दिले तरी चालतात. गावच्या व्हॉट्सअॅप गटातून बाहेर पडणे शेजारधर्माला धरून होत नाही, म्हणून गट मूक करावा आणि त्यातील राजकीय मजकूर दिवसातून एकदाच, तोही दिवसाउजेडी पाहावा.

वेळेपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बातमी कोणत्या पायरीवर आहे हे ओळखणे. माझ्या मते अस्वस्थतेचा निम्म्याहून अधिक भाग येथे सुटतो, कारण मथळे पायरी सांगत नाहीत. 'होणार', 'मंजूर', 'दणका' आणि 'दिलासा' या चार शब्दांत त्यांचे काम भागते. सरकारचा एखादा निर्णय आधी कोणाच्या तरी भाषणात घोषणा म्हणून येतो, मग मंत्रिमंडळापुढे जातो, कायदा लागणार असेल तर विधेयक म्हणून पर्वरीच्या विधानसभेत मांडला जातो, चर्चेनंतर संमत होतो, राज्यपालांची संमती मिळते, राजपत्रात छापला जातो, आणि त्यानंतरही नियम तयार होईपर्यंत पुष्कळदा कागदावरच राहतो. यातील प्रत्येक पायरीची स्वतंत्र बातमी होते आणि प्रत्येक वेळी ती नवी वाटते. वाचकाने मथळ्यावर पेन्सिलीने पायरी लिहावी. घोषणेच्या पायरीवरची बातमी वाचून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. मसुद्याच्या पायरीवरची बातमी मात्र नीट वाचावी, कारण हरकत घेण्याची संधी तेव्हाच असते. गोवा सरकारचे राजपत्र दर गुरुवारी निघते आणि इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. ते रुक्ष असते, पण त्यात विशेषणे नसतात, हा त्याचा मोठा गुण आहे.

न्यायालयाच्या बातम्यांनाही हीच कसोटी लावावी. सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती तोंडी जे विचारतात किंवा सुनावतात त्याचा मथळा होतो, पण ते आदेशात उतरतेच असे नाही. अंतरिम स्थगिती हा निकाल नव्हे, आणि उच्च न्यायालयाचा निकालही शेवटचा असतोच असे नाही. म्हादई अभयारण्य व लगतचा परिसर व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून तीन महिन्यांत अधिसूचित करावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी दिला. त्या दिवशी काहींनी पेढे वाटले आणि काहींना आपले घर उठणार असे वाटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तीन महिने केव्हाच उलटले.

आता वहीविषयी. दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि तिच्यात चारच विषय ठेवावेत, पाचवा घ्यायचा तर एक वगळावा. प्रत्येक नोंदीत तारीख, काय घडले, पायरी आणि पुढची तारीख, एवढेच लिहावे. मत लिहू नये. माझ्या वहीतील एक विषय म्हणजे म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात असलेला वाद. ते पान साधारण असे आहे. नोव्हेंबर २०१०, लवादाची स्थापना. १४ ऑगस्ट २०१८, लवादाचा निवाडा: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. फेब्रुवारी २०२०, निवाडा केंद्राच्या राजपत्रात. डिसेंबर २०२२ ची अखेर, कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा या पाणी वळवण्याच्या योजनेच्या सविस्तर प्रकल्प अहवालाला केंद्रीय जल आयोगाची मान्यता. २०२३, देखरेखीसाठी 'प्रवाह' प्राधिकरण. निवाड्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात.

या पानाचा उपयोग कसा होतो ते पाहा. जल आयोगाची मान्यता आली त्या आठवड्यात 'म्हादई गेली' असे शब्द कानावर पडत होते. वही उघडली तर दिसते की ही तांत्रिक मान्यता होती; वन आणि वन्यजीवविषयक परवानग्या बाकी होत्या आणि मूळ वाद न्यायालयात होता. दुसरे असे की १३.४२ हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो, पण त्यातील ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. कळसा आणि भांडुरा नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे पाणी अनुक्रमे १.७२ आणि २.१८, म्हणजे एकूण ३.९० टीएमसी आहे.  ३.९० हा आकडा लहान आहे असे मी म्हणत नाही. उन्हाळ्यात सत्तरीतले ओहोळ पाहिलेला माणूस तसे म्हणणारही नाही. परंतु भीती बाळगायचीच असेल तर ती योग्य आकड्याची बाळगावी. 'पाणी गेले' आणि 'पाणी जाण्याची एक पायरी पूर्ण झाली' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यातच लोकांना काही करता येते.

पक्षांतराच्या बातम्यांचे एक वेगळे पान असावे, कारण गोव्यात त्या ऋतूसारख्या येतात. या बातम्या संताप आणतात आणि तो अनाठायी आहे असे सांगण्याचा माझा हेतू नाही; फक्त त्यामागचे गणित समजले की त्या अचानक आल्यासारख्या वाटत नाहीत. पक्षांतरबंदीची घटनेतील दहावी अनुसूची १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला तिच्यात असलेली सवलत २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली. दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण मान्य केल्यास मिळणारे संरक्षण तेवढे शिल्लक राहिले. मार्च २०१९ मध्ये मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तीनपैकी दोन आमदारांनी पक्ष सोडला. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा जणांनी, आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी अकरापैकी आठ जणांनी तेच केले. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे ७.३३, म्हणून आठ. हे एकदा कळले की 'अमुक सहा जण दिल्लीला रवाना' या बातमीकडे वाचक निराळ्या नजरेने पाहतो: गट किती जणांचा, दोन तृतीयांश किती, आणि किती कमी पडतात, हे तीन आकडे मांडावेत आणि पेपर मिटून ठेवावा. अपात्रतेची याचिका आली की ती प्रथम सभापतींपुढे जाते आणि तेथे वेळ लागतो, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.

मतमोजणीच्या दिवसाबद्दल थोडक्यात. मतदारसंघ लहान असल्यामुळे गोव्यात सकाळचे कल फसवे असतात. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, तर साखळीत खुद्द मुख्यमंत्री सुरुवातीच्या फेऱ्यांत मागे पडून अखेर ६६६ मतांनी निवडून आले. दुपारी जेवून मगच निकाल पाहावा.

मराठी वाचकाला एका विषयात विशेष सावध राहावे लागते, आणि तो विषय आपल्याच जिव्हाळ्याचा आहे: राजभाषा. दर काही महिन्यांनी हा वाद उसळतो आणि दोन्ही बाजूंचे लोक १९८७ चा राजभाषा कायदा न वाचताच त्याविषयी बोलतात. कायदा लहान आहे. त्यात राजभाषा म्हणून देवनागरी लिपीतील कोकणी आहे, आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. मराठीला पूर्ण राजभाषेचा दर्जा हवा असे म्हणणाऱ्याला ते म्हणण्याचा अधिकार आहे आणि माझाही कल तिकडेच आहे, परंतु ज्या विषयात आपले मन आधीच एका बाजूला आहे, त्यात विरुद्ध बाजूचे वर्तमानपत्र आधी वाचावे. गोव्यात ते सोपे आहे. एकाच तिंट्यावर, म्हणजे बाजाराच्या नाक्यावर, मराठी, इंग्रजी आणि कोकणी वृत्तपत्रे शेजारी शेजारी मिळतात, आणि एकाच सभेचे वृत्त एकात पहिल्या पानावर तर दुसऱ्यात सातव्या पानावर चार ओळींत आढळते. आठवड्यातून एकदा असे दोन पेपर समोरासमोर ठेवावेत. काय छापले यापेक्षा काय वगळले ते पाहण्याची सवय लागते, आणि आपलाच पेपर नेहमी काय वगळतो तेही दिसू लागते, जे थोडे टोचते.

पुढाऱ्यांचे दावे तपासण्याचे उत्तम ठिकाण म्हणजे विधानसभेतील प्रश्नोत्तरे, ज्यांना आपल्याकडे सर्रास 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते, अतारांकित प्रश्नाला लेखी. सभेत टाळ्यांसाठी सांगितलेला नोकऱ्यांचा आकडा आणि त्याच खात्याने लेखी उत्तराच्या परिशिष्टात दिलेला आकडा यांची तुलना करणे हा पावसाळी अधिवेशनातला चांगला विरंगुळा आहे. परिशिष्ट सहसा कोणी वाचत नाही. ते वाचावे.

एवढे करूनही काही बातम्या मनातून जात नाहीत. तेव्हा एक प्रश्न विचारावा: यात माझ्या हाताने होण्यासारखे काही आहे का? दिल्लीतील खातेबदलाबाबत उत्तर 'नाही' असेच येईल आणि तो विषय पुढच्या निवडणुकीपर्यंत ठेवून द्यावा. मात्र गावातील डोंगराच्या उताराचे रूपांतर, पंचायतीने दिलेला बांधकाम परवाना, ओहोळावर टाकलेला भराव, या बाबतीत उत्तर बहुधा 'होय' असते. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि ग्रामसभा बहुधा रविवारी सकाळी भरते; तेथे मांडलेला प्रश्न कार्यवृत्तात नोंदला गेला की नाही हे पुढच्या सभेत कार्यवृत्त वाचले जाते तेव्हा पाहावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा गोव्याने केंद्राच्या आधी, १९९७ मध्येच केला होता. आता २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

जमिनीच्या बातमीत मुदत सर्वांत महत्त्वाची. नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०२४ मध्ये आलेल्या ३९अ कलमाखालील, म्हणजे जमिनीचा झोन बदलण्याच्या, प्रस्तावांवर सूचना व हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत ठेवण्यात आली होती, आणि गावात त्याची कुणकुण लागेपर्यंत त्यातले पंधरा-वीस दिवस सहज निघून जात. म्हणून अशी सूचना दिसताच प्रथम राजपत्राची तारीख आणि सर्व्हे नंबर वहीत उतरवावा, भाषणे नंतर ऐकावीत. हरकतीच्या पत्रात आपले नाव, गाव, सर्व्हे नंबर, राजपत्राचा क्रमांक आणि तारीख, आणि हरकतीचे कारण एवढेच असावे. जमीन पाण्याखाली जाते, वाट बंद होते, उतार तीव्र आहे, असे डोळ्यांनी दिसणारे कारण एका पानात लिहावे. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात, एक खिडकीत द्यावी, आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक मिळेपर्यंत खिडकीपासून हलू नये.