लाडक्या मालिकेचा घाईत गुंडाळलेला सिनेमा कसा पाहावा

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेब लिहिते. संध्याकाळी घरी आलं की मी आणि मामेबहीण जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिका, लावून बसतो. ‘गोतोबुन नो हानायोमे’ ही मालिका आम्ही अशीच पाहिली. एकाच वेळी जन्मलेल्या पाच बहिणी आणि त्यांची शिकवणी घेणारा फूतारो. पुढे त्यातल्याच एकीशी त्याचं लग्न होतं, हे पहिल्याच भागात कळतं. कुणाशी, ते मात्र सांगत नाहीत.

२०१९ आणि २०२१ मधले मिळून २४ भाग आम्ही जीव लावून पाहिले आणि मग शेवट सांगणारा सिनेमा लावला. तो २०२२ चा. संपल्यावर दोघीही गप्प होतो. कॉटवरून बघणारी आजी म्हणाली, “एस्टी चुकायलीया का गं ह्यांची?”

त्या रात्री आम्ही सिनेमाला खूप नावं ठेवली. पण तसं सोडून देववेना, म्हणून महिन्याभराने पुन्हा पाहिला, आणि यावेळी जरा रीत लावून. तुमच्याही लाडक्या मालिकेचं असं झालं असेल, तर ही रीत करून बघा.

पहिली गोष्ट, मालिका आणि सिनेमा एका दमात पाहू नका. आम्ही शनिवारी संध्याकाळी दुसरा सीझन अख्खा लावला आणि त्याच रात्री सिनेमा. डोळे मिटत होते. त्या थकव्यातला निम्मा राग सिनेमाच्या खात्यावर पडला. त्यापेक्षा आठवडाभर आधी मालिकेच्या पहिल्या भागाची सुरुवात आणि शेवटचे दोन भाग बघा, मग चार दिवस जाऊ द्या.

दुसरं, सिनेमाचे तुकडे करा. हा सिनेमा १३६ मिनिटांचा आहे. शाळेच्या महोत्सवाचे तेच तीन दिवस तो एकेका बहिणीच्या बाजूने पुन्हा सांगतो. पाच जणींत सरळ वाटणी केली तरी एकीच्या वाट्याला २७ मिनिटं येतात आणि निवड, कबुली, लग्न हे सगळं त्यातूनच काढायचं. मालिकेत काय होतं आठवा. पहिल्या चाचणीत पाचही जणींचे मिळून १०० गुण पडले होते, आणि या मुलाला आपला शिकवणारा म्हणून मान्य करायला त्यांना किती भाग लागले! त्या चालीची सवय झालेल्या माणसाला इथे धाप लागणारच. म्हणून एका बहिणीचं संपलं की थांबा. उठा, चहा टाका, मग पुढची. महोत्सवाचे दिवस परत पहिल्यापासून सुरू होतात, तिथेच थांबायची जागा आहे.

आता मुख्य काम. एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने पाडा. जिथे खटकलं तिथे थांबून एका ओळीची नोंद करायची, पण कोणत्या रकान्यात ते विचार करून.

पहिला रकाना ‘कारण गाळलंय’. इथे आमच्या धंद्यातली पारख कामाला येते. हळकुंड वरून कितीही पॉलिश केलेलं असो, घेणारा ते मोडून बघतो. नीट वाळलेलं असेल तर खट्कन आवाज येतो, आत ओल असेल तर आधी वाकतं. प्रसंग तसाच मोडून बघा. या मुलीला या क्षणाआधी काय हवं होतं, ते आत्तापर्यंत पाहिलेल्यातून सांगता येतंय का? आलं तर प्रसंग पक्का. “म्हणजे... बहुतेक...” असं तोंडातून निघालं, तर कारण गाळलंय.

दुसरा रकाना ‘वेळ गाळलाय’. कारण आहे, पटतंही, पण मनात उतरायच्या आत पुढचं दृश्य येतं.

तिसरा रकाना आम्ही नंतर पाडला आणि तोच सगळ्यात उपयोगी ठरला: ‘माझा राग’. मामेबहिणीची लाडकी नवरी झाली नाही. त्याचं दुःख खरं आहे, मी ते हसण्यावारी नेत नाही, पण ती काही सिनेमाची घाई नव्हे. हे वेगळं लिहिल्यावर तिचं तिलाच हलकं वाटलं.

कारणाच्या नोंदी भरून काढता येतात. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, नेगी हारुबा यांची, १४ खंड, १२२ प्रकरणं. सगळी घेऊन बसू नका. वहीत खूण असलेल्या जागेची तेवढी प्रकरणं काढा, आणि सिनेमा पाहून झाल्यावरच. रोज एक पुरे. शिवाय पडद्यावर न आलेल्या प्रसंगांतले काही २०२३ मध्ये दोन भागांच्या विशेष कार्यक्रमात आले, तेही बघून घ्या.

वेळेच्या नोंदींना वाचण्यासारखं काही नाही. तिथे वेळ आपण द्यायचा. शेवटाकडे पाचही बहिणी नवरीच्या वेशात ओळीने उभ्या राहतात आणि फूतारो एकेकीला ओळखतो, तिच्यापुरतं दोन शब्द बोलतो. पहिल्यांदा हे भुर्रकन गेलं होतं. दुसऱ्या वेळी आम्ही पाच वेळा पॉझ दाबला. नाव घेतलं की थांबायचं, त्या बहिणीचा मालिकेतला एक प्रसंग दोघींनी आठवायचा, मग पुढे. चौथ्या नावाला मामेबहीण रडायला लागली. आजीला सबटायटल वाचता येत नाहीत, तरी ती उठून पुढे येऊन बसली.

आजी सांगलीच्या नाटकांवर वाढलेली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा सीता कुणाला माळ घालणार हे बघणाऱ्यांतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. तरी माणसं बसली. नवरी कोण, एवढंच बघायचं असतं तर आम्हीही २४ भाग पाहिले नसते.

आणि कुणी अजून पाहिला नसेल तर त्याला नवरीचं नाव सांगू नका, तुमचा कितीही विरस झालेला असला तरी. त्याला त्याची वही लिहू द्या.

आमच्या वहीत ११ नोंदी झाल्या. कारणाच्या ४, त्या मांगा वाचून मिटल्या. रागाच्या २, त्या मामेबहिणीनेच खोडल्या. वेळेच्या ५ तशाच आहेत. त्या जागांची मिनिटं समासात लिहून ठेवलीत, पुन्हा लावला की तिथे थांबायला.