कराओके सीडीतला कोरस: विकत घेण्यापूर्वी तपासणी कशी करावी

आमच्या इंदूरच्या वसाहतीतल्या गणेशोत्सवात एका वर्षी शेजारच्या वहिनी कराओकेवर गाण्यास उभ्या राहिल्या. मुखडा उत्तम झाला, पण तोच मुखडा दुसऱ्यांदा येताच ध्वनिक्षेपकातून आणखी एक बाई त्यांच्या बरोबरीने गाऊ लागली. दुसरा माइक चुकून चालू राहिला असावा, असे समजून ध्वनियोजना सांभाळणाऱ्या मुलाने एकामागून एक सगळे माइक बंद केले. वहिनींचा आवाज गेला, ती बाई मात्र गातच राहिली. आवाज सीडीतच होता. त्या सीडीच्या वेष्टनावर गाण्यांची नावे आणि ‘कराओके’ हा एक शब्द, याखेरीज काहीही लिहिलेले नव्हते. त्यानंतर सीडी घेताना मी जे पाहू लागलो, ते येथे सविस्तर लिहीत आहे. पेन ड्राइव्हवर भरून मिळणाऱ्या ट्रॅकनाही यातले बहुतेक सगळे लागू पडते.

‘कराओके’ हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ साधारणपणे ‘रिकामा वाद्यवृंद’ असा होतो. म्हणजे गायकाची जागा मोकळी ठेवलेले संगीत. पण मोकळी ठेवलेली जागा नेमकी कोणाची, हे त्या शब्दावरून कळत नाही. एका गाण्यात मुख्य गायकाचा आवाज असतो, द्वंद्वगीत असेल तर सोबत्याचा असतो आणि कोरसचा असतो. यांपैकी कोणते काढले आणि कोणते ठेवले, हे वेष्टनावर असायला हवे, आणि नेमके तेच बहुधा नसते.

कोरसही एकाच प्रकारचा नसतो, हे आधी लक्षात घ्यावे. काही गाण्यांत तो मुख्य ओळीला उत्तर देतो. असा कोरस काढून टाकला तर गाण्यात भोके पडतात आणि गायक चार मात्रा नुसता उभा राहतो. काही गाण्यांत तो कडव्यांच्या मधल्या संगीतात केवळ आलाप घेतो. तो असला काय आणि नसला काय, गाणाऱ्याला अडचण होत नाही. त्रास होतो तो तिसऱ्या प्रकाराचा, ज्यात कोरस मुख्य ओळच शब्दांसकट गातो, कारण तुम्ही एखादी जागा जराशी वेगळी घेतली किंवा ओळ थोडी लांबवली की लगेच तुम्हीच चुकलात असे श्रोत्यांना वाटते. म्हणून सीडी निवडताना आपले गाणे डोळ्यांसमोर ठेवून, त्याला कोरस कुठे हवा आणि कुठे नको, हे घरीच कागदावर लिहून न्यावे.

आता वेष्टनावरील शब्द. ‘इन्स्ट्रुमेंटल’ लिहिले असेल तर त्यात बहुधा बासरी, सॅक्सोफोन किंवा गिटार मुख्य चाल वाजवत असते; ती ऐकण्याची सीडी आहे, तिच्यावर गायला गेलात तर वाद्याशी झटापट होते. ‘मायनस वन’ म्हणजे एक घटक वजा, आणि तो घटक सहसा मुख्य गायक असतो. त्यामुळे कोरस शिल्लक असण्याची शक्यता धरूनच चालावे. ‘विथ कोरस’ आणि ‘विदाउट कोरस’ हे स्पष्ट शब्द आहेत, मात्र ते संपूर्ण सीडीसाठी एकदाच छापलेले आहेत की प्रत्येक गाण्यापुढे, हे पाहावे. एकदाच छापलेले असतील तर मी त्यांवर फारसा विसंबत नाही. ‘ड्युएट’ हा शब्द तर सर्वांत फसवा आहे. त्याचा अर्थ दोन्ही आवाज काढले असाही होतो आणि एक ठेवला असाही होतो. ठेवला असेल तर पुरुषाचा की स्त्रीचा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गाण्यांच्या संख्येवरूनही बरेच कळते. साधी ऑडिओ सीडी 74 ते 80 मिनिटांची असते, म्हणजे पाच मिनिटांची गाणी धरली तर पंधरा-सोळाच मावतात. व्हिडिओ सीडीचे गणितही जवळपास तसेच आहे. वेष्टनावर ‘100 गाणी’ असेल, तर ती एमपी3 सीडी किंवा डीव्हीडी असणार. नुसत्या एमपी3 सीडीवर पडद्यावर शब्द दिसत नाहीत. ‘सीडी प्लस जी’ नावाच्या प्रकारात शब्दांची चित्रे ऑडिओ सीडीतच दडवलेली असतात, पण ती दाखवणारे यंत्र नसेल तर सामान्य प्लेअरवर केवळ संगीत ऐकू येते. शब्द पाठ नसणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

कोरस का राहतो किंवा का जातो, याचे मूळ ट्रॅक कसा तयार केला यात आहे. वादकांना बसवून किंवा कीबोर्डवर संगीत नव्याने वाजवले असेल, तर कोरस मुद्दाम गाऊन घातलेला असतो किंवा मुद्दाम टाळलेला असतो. मूळ ध्वनिमुद्रणातून आवाज काढण्याच्या जुन्या पद्धतीत डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा करतात. मुख्य गायक दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे नाहीसा होतो, पण दोन्ही बाजूंना पसरलेला कोरस आणि गायकाच्या आवाजाची घुमणारी छाया मागे उरते, आणि त्याबरोबर मध्यभागी ठेवलेला बेस व ठेका मात्र पातळ होतात. जुनी गाणी बहुतांशी मोनो असल्यामुळे त्यांवर ही युक्ती चालतच नाही. दोन्ही बाजू एकच असतात, तेव्हा वजाबाकीनंतर काहीही उरत नाही. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आवाज वेगळा काढतात, तेथे नेमका उलटा दोष दिसतो: मानवी आवाज म्हटला की तो उचलला जातो, त्यामुळे हवा असलेला उत्तराचा कोरसही मुख्य आवाजाबरोबर निघून जातो. ठेका पोकळ वाटला आणि मागे भुतासारखा आवाज आला तर वजाबाकीची पद्धत समजावी. ठेका भक्कम पण कोरसच्या जागी शांतता असेल तर कृत्रिम बुद्धिमत्तेची.

दुकानात सीडी लावून दाखवायला सांगावे. इंदूरच्या जेल रोडवरील बाजाराच्या गर्दीत मोठ्या ध्वनिक्षेपकावर काही नीट ऐकू येत नाही, म्हणून स्वतःचा हेडफोन नेणे उत्तम. सुरुवातीचे अर्धे मिनिट ऐकून हो म्हणू नये, कारण पहिल्या मुखड्यात कोरस बहुधा नसतोच. आमच्या वहिनींची फसगत त्यामुळेच झाली. मुखड्याची दुसरी आवृत्ती, पहिल्या कडव्यानंतरचे संगीत आणि शेवटचा मिनिटभर, एवढ्या तीन जागा पुढे सरकवून ऐकाव्यात. नंतर हेडफोनची एकेक बाजू कानावरून काढून पाहावी. एका बाजूला फक्त संगीत आणि दुसऱ्या बाजूला गायकासह संगीत असेल, तर ती ‘मल्टिप्लेक्स’ सीडी आहे. ती सदोष नाही. कराओके व्हिडिओ सीडीत ही पद्धत सर्रास वापरली जाते, आणि रिमोटवरील ‘ऑडिओ’चे बटण दाबत गेल्यास डावी, उजवी आणि स्टीरिओ असे पर्याय एकापाठोपाठ येतात. ‘आवाज काढलेलाच नाही’ म्हणून लोक अशा सीडी परत करतात, तेव्हा चूक वेष्टनाची असते, सीडीची नव्हे.

सीडी घरी आल्यावर नको असलेला आवाज निघालाच, तर उपाय मर्यादित आहेत. मल्टिप्लेक्स असल्यास संगीताची बाजू तेवढी मिक्सरच्या एका मार्गात (चॅनेलमध्ये) घेऊन तो मार्ग मध्यभागी ठेवावा, म्हणजे ती दोन्ही ध्वनिक्षेपकांतून येते. इतर ट्रॅकसाठी ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये मधला आवाज कमी करण्याची सोय आहे. मुख्य आवाज उरला असेल तर तिचा उपयोग होतो, पसरलेल्या कोरसवर ती फारशी चालत नाही. अशा वेळी त्या कोरसच्या ओळी सोडून देऊन गाण्याची आखणी करणे, हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

पट्टी बदलणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. इंदूर हे लताबाईंचे जन्मगाव, त्यामुळे त्यांची गाणी येथे प्रत्येक कार्यक्रमात असतातच, आणि मूळ पट्टी झेपत नाही म्हणून काळी चारचे, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचे, गाणे काळी दोनवर उतरवणे नेहमीचेच. मात्र पट्टीबरोबर कोरसही खाली येतो, आणि दोन-तीन स्वरांपेक्षा जास्त उतरवल्यास मुलींचा कोरस सर्दी झालेल्या पुरुषांसारखा ऐकू येतो. वर चढवल्यास तोच बाहुल्यांच्या खेळातला वाटतो. पट्टी बदलायची असल्यास कोरसविरहित ट्रॅकच घ्यावा.

वेष्टनाबाबत कायद्याचा आधारही आहे. प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम 52अ नुसार ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष ही माहिती सीडीवर आणि तिच्या वेष्टनावर असावी लागते. पाकीटबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. कलम 52अ च्या यादीत कोरसचा उल्लेख नाही, हे खरे. परंतु ‘फक्त संगीत’ असे छापून आत गायक सापडला, तर वस्तू वर्णनाप्रमाणे नाही असे म्हणता येते. अशा वेळी बिल, वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि कितव्या मिनिटाला आवाज येतो त्याची नोंद घेऊन प्रथम दुकानदाराला लेखी कळवावे. उपयोग झाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईहून मागवलेल्या सीडीसाठी मुंबईला जावे लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. दोनशे रुपयांच्या सीडीसाठी कोणी आयोगापर्यंत जाईल असे नाही, पण बिल मागून घेतले की दुकानदार बदलून देण्यास लवकर तयार होतो, हा माझा अनुभव आहे.

तपासून झालेल्या सीडीवर मी आता स्वतःची चिठ्ठी लावतो. तिच्यावर गाण्याच्या नावापुढे एवढेच असते: ‘काळी दोन. मुख्य आवाज नाही. कोरस दुसऱ्या मुखड्यापासून, शब्दांसह. शेवटी मुखडा तीनदा, तिसऱ्यांदा आपण गप्प राहायचे.’