जंतनाशक गोळीचा खरा खर्च कसा काढावा

अल्बेंडाझोलची गोळी स्वस्त असते. पैसा जातो ती पाड्यापर्यंत पोचवण्यात. म्हणून खर्चाला वाटलेल्या गोळ्यांच्या संख्येने भागू नका, समोर चावून खाल्लेल्या गोळ्यांच्या संख्येने भागा. समजा, गोळ्यांची किंमत, गाडीभाडे, प्रशिक्षण, मानधन, छपाई धरून 6,000 रुपये लागले. 1,000 गोळ्या वाटल्या, तर आकडा 6 रुपये दिसतो. प्रत्यक्षात 800 मुलांनी खाल्ली असेल, तर 7.50. गोळ्या फुकट मिळाल्या असल्या तरी त्यांची किंमत धराच.

मात्रा: 1 ते 2 वर्षे अर्धी गोळी (200 मिलिग्रॅम), 2 ते 19 वर्षे पूर्ण (400). लहानग्यांना पूड करून पाण्यात द्या, नाहीतर घशात अडकते. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नका. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर मळमळ, पोटदुखी होते. हे पालकांना आधी सांगितले नाही, तर पुढच्या फेरीला दारे बंद होतात.

प्रत्येक मुलाची शौचतपासणी करू नका, ती गोळीपेक्षा महाग पडते. नमुना तपासणी पुरते: जंत असलेल्या मुलांचे प्रमाण 20 टक्क्यांवर असेल तर वर्षातून एकदा गोळी, 50 च्या वर असेल तर दोनदा.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. म्हणून गोळी वाटपाच्या फेब्रुवारीच्या फेरीत पटावरची मुले गावात नसतात. तिथे ऑगस्टच्या फेरीवरच जोर द्या. पावसात रस्ते तुटतात, म्हणून साठा जूनआधीच उपकेंद्रात ठेवा.

अनवाणी पायांतून अंकुशकृमी (हुकवर्म हा जंत) पुन्हा शिरतो. चपला आणि संडासाचा खर्च वेगळ्या रकान्यात लिहा.