समुद्राकाठच्या साध्या खोलीत उतरताना

गुहागर, आंजर्ले किंवा तारकर्लीला समुद्रालगतच्या घरगुती निवासात राहणार असाल, तर एसी आहे का यापेक्षा जेवण किती वाजेपर्यंत सांगायचं ते आधी विचारा. मासळी सकाळीच घेतली जाते. दुपारी बाराला सुरमई मागितलीत तर डाळभात ठरलेला. (सोबत सोलकढी असेल तर माझी तक्रार नाही.) १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट नको. दुपार मोकळी ठेवा, पडवीत खुशाल लोळा. पोहायचं असेल तर भरतीची वेळ मालकांना रोज विचारा, ती दररोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्यात उतरूच नका. आणि रोख पैसे जवळ असू द्या. रेंज गेली की यूपीआय अडतं.