रोमन अंक वाचायचे कसे? आधी जोड्या शोधा

गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवर इंग्रजीत मजकूर कोरलेला आहे: राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबरला भारतात उतरले, त्याची ती नोंद. वर्ष मात्र अक्षरांत आहे, एम-सी-एम-एक्स-आय. रोज हजारो लोक त्याखालून जातात आणि फोटो काढतात, पण ते वर्ष फार थोड्यांना वाचता येतं. खरं तर काम दहा मिनिटांचं आहे.

अक्षरं सातच: आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००. एवढी तोंडपाठ करा. एक ते शंभरचा तक्ता पाठ करायला सांगतात तो सल्ला सरळ सोडून द्या. तो तक्ता घोकून १०१ येत नाही.

अक्षरं मोठ्याकडून लहानाकडे उतरत असतील तर नुसती बेरीज करा. एम-डी-सी-एल-एक्स-व्ही-आय म्हणजे १६६६.

गाडी अडते ती वजाबाकीपाशी. ‘लहान अक्षर आधी आलं की वजा करा’ एवढंच सांगून लोक मोकळे होतात, आणि शिकणारा तिथेच फसतो. गेटवेवरचं वर्ष घ्या. डावीकडून एकेक अक्षर मिळवत गेलात तर एम आणि सी मिळून ११००, पुढच्या एमचे १०००, मग ११, म्हणजे २१११! चूक कुठे झाली? मधलं सी डावीकडच्या एमला चिकटवलं. दोन मोठ्या अक्षरांच्या मध्ये सापडलेलं लहान अक्षर नेहमी उजवीकडच्याचं असतं.

म्हणून बेरीज करण्याआधी जोड्या शोधा आणि पेन्सिलीने प्रत्येक जोडीखाली कंस काढा. जोड्या फक्त सहा आहेत: आय-व्ही ४, आय-एक्स ९, एक्स-एल ४०, एक्स-सी ९०, सी-डी ४००, सी-एम ९००. सातवी नाही. आता पुन्हा बघा: एम, मग सी-एमची जोडी, मग एक्स, मग आय. १०००, ९००, १०, १. झाले १९११.

ताळा करायची पद्धतही यातच आहे. कंस काढल्यावर किमती डावीकडून उजवीकडे उतरत्या, फार तर सारख्या, यायला हव्यात. मध्येच किंमत चढली तर जोडी चुकली असं समजा, आणि पुन्हा सुरुवातीपासून बघा. एक्सच्या आधी आय आहे की नंतर, हे तर दोनदा बघा. गेटवेवरची शेवटची दोन अक्षरं उलटी वाचलीत तर १९११ चं १९०९ होतं.

लिहिताना सर्रास होणारी चूक म्हणजे ९९ साठी आय-सी. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो, शंभराच्या आधी नाही. व्ही, एल आणि डी तर कधीच वजा होत नाहीत. शाळेतलं हजार, शतक, दशक, एकक इथे कामाला येतं. संख्या घरांप्रमाणे फोडा आणि प्रत्येक घर वेगळं लिहा. ९९ म्हणजे ९० आणि ९, म्हणून एक्स-सी-आय-एक्स. १९४९ म्हणजे एम, सी-एम, एक्स-एल, आय-एक्स. शून्याला चिन्हच नाही. रिकामं घर गाळून पुढे जा.

घड्याळाच्या तबकडीवर चारच्या जागी बहुतेक वेळा चार आय दिसतात. ती कारागिराची चूक नव्हे, जुनी रीत आहे. रोममधल्या कलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या दारावरही एक्स-एल आणि पुढे चार आय असंच कोरलेलं आहे. तबकडीवर अंकांचे पाय बहुधा केंद्राकडे असतात, त्यामुळे खालचा सहा उलटा दिसतो. तो नेहमी केंद्राच्या बाजूने वाचा.

पुस्तकाच्या प्रस्तावनेच्या पानांवर हीच अक्षरं लहान लिपीत येतात, नियम तेच.

कोर्टाच्या कागदांत मात्र घाई नको. दिवाणी प्रक्रिया संहितेत नियमांच्या एकेका गटाला ‘आदेश’ म्हणतात; त्यातला तात्पुरत्या मनाई हुकमाचा आदेश एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स असा छापलेला असतो. शेवटची जोडी न बघता सगळी अक्षरं मिळवलीत तर ४१ येतात, आणि आदेश ४१ हा मूळ हुकूमनाम्यावरच्या अपिलांचा आहे. जोडी धरून वाचा: ३० आणि ९, म्हणजे ३९.